नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला पूर्वज शोधायचाय? आधी त्याच्या वाडीचं नाव शोधा

माझ्या सुनेचे खापरपणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आलेले. घरात फक्त ओले लार्सन एवढंच नाव माहीत होतं, आणि मी उत्साहाने थेट नॉर्वेच्या रेकॉर्डमध्ये तेच टाकलं तर ओले लार्सन ढिगाने निघाले, त्यातला आपला कुठला ते कळायला काही मार्गच नाही. कारण असं की तेव्हा नॉर्वेच्या खेड्यांत ठरलेलं आडनाव नव्हतंच. लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा, त्याची बहीण लार्सडाटर, आणि पुढे ज्या वाडीवर राहतो तिचं नाव. तेही पत्त्यासारखंच, माणूस दुसऱ्या वाडीवर राहायला गेला की बदलायचं. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. त्यामुळे वाडी किंवा निदान पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा परिसर, हाती लागल्याशिवाय नॉर्वेकडे वळूच नका.

ती माहिती बहुतेक वेळा अमेरिकेतच मिळते. १९००, १९१० आणि १९२० च्या जनगणनेत तो कोणत्या वर्षी आला ते लिहिलेलं असतं, पण जन्मस्थान म्हणून नुसतं नॉर्वे. खरा खजिना म्हणजे लुथरन चर्चची (नॉर्वेजियन लोकांचा ख्रिस्ती पंथ) रजिस्टरं, ती कित्येक वर्षं नॉर्वेजियनमध्येच लिहिली जायची आणि पाद्रीही तिकडचेच, त्यामुळे पॅरिशचं नाव बरेचदा नीट असतं. मृत्यूच्या बातम्या बघा, आयोवातून निघणाऱ्या डेकोरा-पोस्टेनसारख्या नॉर्वेजियन पेपरातल्या पण. आणि जुने फोटो उलटे करून बघाच, कार्डावर स्टुडिओचं गाव छापलेलं असतं, आम्हाला पहिला धागा तिथेच मिळाला.

घरात सगळे सांगतात की ते एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर उतरले, पण ते केंद्र सुरू झालं १८९२ ला. १८५० आणि ६० च्या दशकात तर बरेचसे नॉर्वेजियन कॅनडात क्वेबेकला उतरून पुढे गेले, म्हणजे न्यूयॉर्कला आलेल्या जहाजांच्या प्रवासी याद्यांत ते सापडणारच नाहीत.

पॅरिश कळलं की डिजिटालआर्किवेट उघडा, नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची साइट, फुकट आहे. १८६५, १८७५, १९०० आणि १९१० ची जनगणना तिथे नावाने शोधता येते, चर्चची पुस्तकं स्कॅन केलेली आहेत. नाव पूर्ण टाकू नका, स्पेलिंग फार बदलतं, अर्धं टाकून पुढे स्टार लावा. ओस्लो शोधत असाल तर १९२५ च्या आधी ते क्रिस्तियानिया होतं हे लक्षात ठेवा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीवर घाई करू नका. जुन्या गॉथिक अक्षरात बाळाचं नाव, तारीख, आईबाप, वाडी, आणि शेवटी साक्षीदारांची नावं असतात. ही नावं लोक सोडून देतात, पण साक्षीदार बहुतेक मामा, आत्या, शेजारच्या वाडीवरचे असतात आणि दोन सारख्या नावांच्या माणसांत आपला कोणता ते तिथेच ठरतं. मग साधारण चौदा-पंधराव्या वर्षीची कन्फर्मेशनची (बाप्तिस्म्यानंतर मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याचा चर्चमधला विधी) नोंद काढा, तिथे जन्मतारीख, आईबाप आणि देवीची लस घेतल्याचं पण लिहिलेलं असतं. दोन्ही जुळलं तर माणूस तोच. देश सोडल्याची नोंद पॅरिश सोडून जाणाऱ्यांच्या यादीत, किंवा पोलिसांच्या स्थलांतर रजिस्टरात मिळते, क्रिस्तियानियाचं १८६७ पासूनचं आहे.

सगळ्यात शेवटी त्या भागाचं बिग्डेबोक मिळवा, म्हणजे वाडीवार लिहिलेला गावाचा इतिहास, कोण कधी राहायचं, मुलं किती. आमच्या वाडीच्या पानावर पाच भावंडं निघाली, तिघांपुढे फक्त 'अमेरिकेला' एवढंच लिहिलंय आणि थोरल्यापुढे त्याच्या मुलांची यादी, आता आम्ही त्या यादीवरून खाली येतोय.