अंगणातल्या काँक्रीटच्या बाकाची दुरुस्ती

खानापूरकडच्या पावसात आमच्या अंगणातला काँक्रीटचा बाक कडेने फुटू लागला, तेव्हा भेगा नेमक्या सळईच्या रेषेत असल्याचे दिसले. सळईवरचे काँक्रीटचे आवरण पाऊण इंचही नव्हते. त्यामुळे पाणी मुरून लोखंड गंजले आणि मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापणाऱ्या त्या गंजाने काँक्रीट आतून फोडले. अतिथंड प्रदेशात हेच काम गोठणारे पाणी करते, कारण बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, आणि म्हणून त्या फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळावी यासाठी तेथे काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे मुद्दाम राखतात. बेळगावच्या थंडीत त्याची गरज नाही, परंतु पाणी आत जाऊ न देणे येथेही तितकेच महत्त्वाचे.

उन्हाळ्यात सैल झालेला भाग सळईच्या मागेपर्यंत छिन्नीने काढला, तारेच्या ब्रशने गंज घासून गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला दाबून भरला. जास्त पाणी घालून मसाला सरसरीत करण्याकडे गवंड्यांचा ओढा असतो, तो मात्र आवरावाच लागतो, कारण त्याने मसाला कमकुवत होतो. मग ओले गोणपाट पांघरून भरलेला मसाला उन्हापासून जपला. बसण्याच्या सपाट बाजूला पुढे किंचित उतार दिला आणि बाक पूर्ण वाळल्यावर सिलेनयुक्त (काँक्रीटमध्ये मुरून पाणी अडवणाऱ्या रसायनाचा) जलरोधक द्रव मारला. तो काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो.