एसडीएस भरताय? आधी शून्यं शोधा

लोटे एमआयडीसीतनं युरोपला केमिकलचा माल जायचा असेल आणि नवं प्रॉडक्ट एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद) बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं असेल तर लॅबचे रिपोर्ट आधी हातात घ्या, फोनवर सांगितलेले आकडे चालणार नाहीत. गणपतीच्या आधीच मागा, नंतर लॅबमध्ये चिटपाखरू नसतं. लॉगिन, बॅकअप वगैरे सांगत नाही.

सीएएस नंबर, म्हणजे प्रत्येक केमिकलचा ओळख क्रमांक, पिंपावरच्या पुसट लेबलावरनं टाइप करू नका. शेवटचा आकडा ताडून बघता येतो, पाण्याचा ७७३२-१८-५ घ्या, शेवटचा ५ सोडून उजवीकडनं एकेका आकड्याला १, २, ३ ने गुणत बेरीज केली की १०५ येते, शेवटी ५, जुळला. न जुळल्यास सॉफ्टवेअर बहुतेक ओरडतंच.

शून्याला मात्र ते ओरडत नाही. आमच्याकडे एक्सेलमधला रिकामा सेल इम्पोर्टमध्ये ० होतो आणि फील्ड भरलेलं, आकडा म्हणजे आकडाच, म्हणून व्हॅलिडेशन (सॉफ्टवेअरची तपासणी) हिरवं. मागच्या खेपेला हेच बघायचं राहिलं, पाण्यातलं साधं डिस्पर्संट (कण पसरवून ठेवणारं केमिकल), फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते ते) ० आणि बॉइलिंग पॉइंट पण ०, म्हणजे ज्वलनशील द्रवाची कॅटेगरी १, सगळ्यात धोक्याची! पीएच ० राहिला तर २ च्या खाली म्हणून कातडी जाळणारं. एलडी५० (ज्या डोसला चाचणीतले निम्मे प्राणी मरतात तो) शून्य म्हणजे ५ मिग्रॅ प्रति किलोच्या आत, धोक्याचा कोड एच३००, गिळल्यास प्राणघातक. शिपिंग लाइनने डेंजरस गुड्सचे कागद मागितले आणि कंटेनर अडकला. तर मोजलेलं नसेल तिथे ० नको, 'माहिती उपलब्ध नाही' हवं, आणि का नाही तेही लिहा.

युनिटचं तेच. लिस्टमधलं पहिलं आपोआप निवडलेलं असतं. लॅबने फ्लॅश पॉइंट ७० सेल्सिअस दिला आणि फॅरेनहाइट तसंच राहिलं तर ते २१ सेल्सिअस होतं, २३ च्या खाली, कॅटेगरी २. खरं तर युरोपच्या हिशोबात, डिझेलसारखे अपवाद सोडले तर, ६० च्या वर ज्वलनशील द्रव धरतच नाहीत.

आता एरर. वरची पहिली आधी सोडवा, एक घटक चुकला की त्याच्या मागे दहा लाल ओळी येतात. आणि एररचं तोंड बंद करायला ० टाकू नका, परत सांगतो, टाकू नका, लाल दिसतंय तोवर निदान कळतंय तरी. वॉर्निंगवर नुसतं ओके दाबत गेलात तर भोगा.

घटकांच्या रेंजमध्ये मिळून १०० बसतंय ना. रिव्हिजनची तारीख. ज्या देशात माल जातोय तिथली भाषा. पीडीएफ काढून सेक्शन २ (धोके), ९ (भौतिक-रासायनिक गुणधर्म) आणि १४ (वाहतूक) शेजारी ठेवून वाचा, मगच सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) पाठवा. पाठवायच्या आधी पीडीएफमध्ये ० सर्च करा, नववा सेक्शन तर ओळन् ओळ.