फ्री डिशवरचं रेकॉर्डिंग का फसतं? नागपूरकरांनो, या चुका टाळा

रेकॉर्डिंगची खरी अडचण ही, की ते बिघडल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. समोर बसून कार्यक्रम बघताना चित्र अडखळलं, तर कुणीतरी लगेच उठून केबल हलवतं किंवा गच्चीवर जाऊन डिश बघतं. रेकॉर्डिंगच्या वेळी समोर कुणीच नसतं. सकाळी फाइल उघडावी तर ती रिकामी, अर्धी, नाहीतर भलत्याच कार्यक्रमाची निघते. मग दोष पेनड्राइव्हवर जातो आणि नवा पेनड्राइव्ह येतो. बहुतेक वेळा चूक पेनड्राइव्हची नसतेच. ती घड्याळात, स्टँडबायमध्ये किंवा गच्चीवरच्या डिशमध्ये असते, आणि तिथे दुरुस्तीला पैसेही लागत नाहीत.

नागपुरात फुकट टीव्ही म्हणजे व्यवहारात डीडी फ्री डिश, दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा. काडीच्या जुन्या अँटेनावरचं अॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने देशात बहुतेक ठिकाणी २०२२ पर्यंत बंद केलं, त्यामुळे तो अँटेना बॉक्सला जोडून काही हाती लागणार नाही. यूएसबी पोर्ट आणि रेकॉर्डिंगची सोय असलेला फ्री-टू-एअर (फुकट वाहिन्या दाखवणारा) सेट-टॉप बॉक्स, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क आणि नीट लावलेली डिश, एवढं पुरतं. बॉक्स घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. तो एमपीईजी-४ या नव्या पद्धतीने पाठवलेल्या वाहिन्या दाखवतो का, आणि यूएसबी पोर्ट फक्त सिनेमे-गाणी लावण्यापुरता आहे की रेकॉर्डिंगही करतो? पोर्ट दिसला म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही. बर्डीवरच्या दुकानात स्वतःचा पेनड्राइव्ह लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करून बघा आणि तिथेच चालवून बघा.

घड्याळ साडेपाच तास मागे

टायमर लावला, बॉक्स चालू होता, तरी फाइलमध्ये मध्यरात्रीच्या जाहिराती? आधी टाइम झोन बघा. बॉक्स वेळ उपग्रहाच्या सिग्नलमधून घेतो आणि ती वेळ ग्रीनिचची असते. मेन्यूत जीएमटी +५:३० निवडलेलं नसेल तर रात्री ९ वाजता बॉक्सच्या घड्याळात दुपारचे ३:३० दिसतात. तुम्ही ९ चा टायमर लावता आणि बॉक्स रेकॉर्डिंग सुरू करतो पहाटे २:३० ला. फॅक्टरी रीसेट केल्यावर हे सेटिंग बऱ्याच बॉक्समध्ये पुन्हा शून्यावर जातं, म्हणून रीसेटनंतर पहिलं काम टाइम झोनचं. ‘समर टाइम’ असा पर्याय असेल तर तो बंदच ठेवा, नाहीतर एका तासाचा घोळ होतो.

दुसरी चूक टायमरच्या प्रकारातली. टायमरच्या पानावर वाहिनी, तारीख, वेळ यांच्याबरोबर ‘प्ले’ की ‘रेकॉर्ड’ असा एक पर्याय असतो. तो पुष्कळदा ‘प्ले’वर असतो. मग ठरल्या वेळी बॉक्स जागा होतो, वाहिनी लावतो, रिकाम्या खोलीत कार्यक्रम दाखवतो आणि फाइल बनतच नाही. त्याच पानावर कालावधीही असतो. कार्यक्रम एका तासाचा असेल तर पाच मिनिटं आधी सुरू करून दहा मिनिटं उशिरा संपवा. सामन्याला किमान एक तास जास्त द्या; पावसाने खेळ थांबला की शेवटची षटकं हमखास फाइलबाहेर राहतात.

बॉक्समध्ये ‘ऑटो स्टँडबाय’ असतं. तीन-चार तास रिमोटचं बटण दाबलं नाही तर बॉक्स आपोआप झोपतो, आणि काही बॉक्स रेकॉर्डिंग चालू असतानाही झोपतात. दर वेळी साधारण तेवढ्याच लांबीची फाइल मिळत असेल तर कारण हेच. ते ‘ऑफ’ करा.

भिंतीवरचं बटण बंद करू नका

स्टँडबाय म्हणजे रिमोटने बंद केलेला, लाल दिवा लागलेला बॉक्स. तो टायमरवर जागा होतो. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय चांगली असली, तरी टायमर लावलेल्या रात्री ती मोडावीच लागते.

वीज मध्येच गेली तर प्रश्न आणखी वाढतो. वीज परत आल्यावर साध्या बॉक्सचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं आणि सिग्नल मिळेपर्यंत त्याला खरी वेळ कळत नाही. तो स्टँडबायमध्येच राहिला तर सिग्नल घेतच नाही, म्हणजे टायमर गेला. मेन्यूत ‘वीज आल्यावर चालू’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो निवडा. इन्व्हर्टर असेल तर बॉक्स त्या लाइनवर घ्या; असा बॉक्स पंख्यापेक्षा कितीतरी कमी वीज खातो. एलएनबीला (डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) वीज बॉक्सकडूनच मिळते, त्यामुळे गच्चीवर वेगळी सोय लागत नाही.

उन्हाळ्यात कूलर आणि बॉक्स एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतात, तेही टाळा. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं, बॉक्स रीस्टार्ट होतो आणि चालू रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. कूलरचा ओला झोतही बॉक्सवर येऊ देऊ नका.

गच्चीवरची डिश: सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. नागपूरहून तो आग्नेयेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. होकायंत्रावर साधारण १४४ ते १४५ अंश, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६० अंश. मोबाइलच्या होकायंत्राने दिशा बघताना लोखंडी पाइप आणि टाकीपासून दोन-तीन पावलं लांब उभे राहा, नाहीतर काटा भलतीकडे जातो. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे तिचा चेहरा खऱ्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी खाली रोखलेला वाटतो. म्हणून नजरेच्या अंदाजाने डिश आकाशाकडे आणखी उताणी करू नका. क्लँपवर अंशांच्या खुणा असतील तर त्यांवर चाला.

एलएनबी स्वतःभोवतीही फिरवावा लागतो, नागपूरसाठी सरळ उभ्या स्थितीपासून सुमारे ३३ अंश. हे अनेक घरांत केलेलंच नसतं. एलएनबीचा स्क्रू थोडा ढिला करा, टीव्हीवर सिग्नलचं पान उघडा, गच्चीवरून फोनवर आकडे विचारत दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा आणि आकडा सर्वांत वर असेल तिथे स्क्रू घट्ट करा. आकडा कुठला? ‘स्ट्रेंग्थ’ नव्हे, ‘क्वालिटी’. स्ट्रेंग्थ नव्वद दाखवून क्वालिटी शून्य असू शकते, कारण स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो.

थेट बघताना चालून जाणारी डिश रेकॉर्डिंगला का पुरत नाही? साठ सेंटिमीटरची डिश अंशभर सरकली तरी कोरड्या हवेत चित्र स्वच्छ दिसतं. पण पावसासाठी हाताशी असलेली शिल्लक तेवढ्यात संपते. मे-जूनच्या वावटळीत डिश किंचित फिरते, तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मृगाच्या पहिल्या सरीला ‘नो सिग्नल’ येतो. दोष मात्र पावसाला मिळतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, क्वालिटी पुन्हा जुळवा आणि क्लँपचे सगळे नट पान्याने आवळा. जुळल्यावर पाइप आणि क्लँपवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा. डिश सरकली की रेघ तुटलेली दिसते. पावसाळ्यातलं रेकॉर्डिंग महत्त्वाचं असेल तर ९० सेंटिमीटरची डिश घ्या. ६० पेक्षा तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट आहे. ढगफुटीसारख्या सरीत तीही हरेल, पण साध्या पावसात टिकेल.

डिशसमोर अडथळा किती चालतो, याचा हिशेब सोपा आहे. टाकी किंवा भिंत डिशपेक्षा ३ मीटर उंच असेल तर त्या दिशेने ती निदान २ मीटर लांब हवी. झाडांचं मात्र दर वर्षी बघावं लागतं. उन्हाळ्यात विरळ असलेली फांदी पावसाळ्यात पानांनी भरते.

मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं सिग्नल जातो. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा डिशला हात लावू नका. ती नीट जुळलेली असते आणि हलवून बिघडते.

डिशपासून बॉक्सपर्यंतची केबल आरजी-६ प्रकारची घ्या. तिच्या टोकाला एफ-कनेक्टर (पेचाचा जोड) लावताना जाळीची एकही तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकू देऊ नका, शॉर्ट होतो. जोडणी करताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. एलएनबीजवळ केबलला खाली लोंबणारा एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी कनेक्टरपर्यंत न जाता वळशाच्या तळाशी ठिबकतं.

पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क

साध्या वाहिनीचं एका तासाचं रेकॉर्डिंग साधारण सव्वा ते दीड जीबी होतं, एचडीचं तीन जीबीच्या घरात. ३२ जीबीमध्ये साध्या वाहिनीचे वीसेक तास बसतात.

तीन तासांचा सिनेमा शेवटच्या वीस मिनिटांआधी तुटतो? ड्राइव्ह फाइली साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींनी फॉरमॅट होतो; त्यांतल्या एफएटी३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. चांगला बॉक्स तिथे दुसरी फाइल सुरू करतो, काही बॉक्स थांबतात. बॉक्स एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीवर लिहू शकत असेल तर ती घ्या. ड्राइव्ह संगणकावर फॉरमॅट करण्यापेक्षा बॉक्सच्याच मेन्यूतून करणं खात्रीचं. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, म्हणून आधी कॉपी काढा.

फार स्वस्त ‘५१२ जीबी’चे पेनड्राइव्ह बनावट असू शकतात. संगणकावर ५१२ दिसतात, आत असतात ८ किंवा १६. सुरुवातीची रेकॉर्डिंग नीट चालतात आणि नंतरची उघडतच नाहीत, हे त्याचं लक्षण. नवा ड्राइव्ह वापरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा.

हार्डडिस्क लावताच बॉक्स रीस्टार्ट होत असेल किंवा डिस्कमधून टकटक येत असेल तर वीज कमी पडतेय. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतो आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. डिस्क बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका. नवतप्यात खोलीच चाळिशीकडे गेलेली असते, त्यात बॉक्सची गरमी मिळाली की डिस्क लवकर जाते.

एकच ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) असलेला बॉक्स रेकॉर्डिंग करताना दुसरी वाहिनी लावू देत नाही, किंवा त्याच फ्रिक्वेन्सीवरची देतो. हा बिघाड नव्हे. वाहिन्यांच्या जागा लिलावानंतर बदलतात, बहुतेक १ एप्रिलच्या आसपास. तेव्हा नवा स्कॅन करा आणि सगळे जुने टायमर पुसून पुन्हा लावा. नुसता स्कॅन केला तर जुना टायमर त्याच क्रमांकावरची वेगळी वाहिनी रेकॉर्ड करू शकतो.

महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांचा टायमर लावा, बॉक्स रिमोटने स्टँडबायला टाका आणि नंतर फाइल चालवून बघा. फाइलच नसेल तर घड्याळ, टायमरचा प्रकार आणि वीज बघा. फाइल आहे पण चित्राचे चौकोन पडतात आणि तेव्हा टीव्हीवरही पडत होते, तर डिश. टीव्हीवर स्वच्छ आणि फाइलमध्येच अडखळत असेल, तरच ड्राइव्ह बदला.