अर्ज भरायला बसण्याआधी फोन आवरा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या रात्री डोकावलं, तर ‘सही अपलोड होत नाहीये’ म्हणून घायकुतीला आलेलं कुणी ना कुणी दिसतंच. माझीही अशी एक रात्र गेली आहे. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, घड्याळात अकरा, सहीची फाइल २३ केबीची आणि मर्यादा २० केबीची. त्या तीन केबींनी तासभर खाल्ला. म्हणून माझं म्हणणं असं, की आणखी एखादा कोर्स लावण्याआधी एक रविवार काढा आणि फोन आवरून ठेवा.

सुरुवात ईमेलपासून. नाव, आडनाव, लागलाच तर एखादा आकडा, बास. कॉलेजात असताना हौसेनं काढलेला ‘रॉयल’ किंवा ‘किंग’वाला पत्ता मित्रांसाठी राहू द्या. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या आणि तो वर्षभर तरी चालू ठेवा. सायबर कॅफेवाल्याचा किंवा मावसभावाचा नंबर दिलात, की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे.

मग नाव. खरी गोची इथे आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. त्यात स्पेलिंग. ‘ज्ञानेश्वर’ एका कागदावर ‘डी’नं सुरू होतो, दुसऱ्यावर ‘जी’नं. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. दहावीची मार्कशीट, आधार आणि पॅन शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक निघाला तर आधी आधार-पॅन मार्कशीटप्रमाणे करून घ्या, तेच सोपं पडतं. मार्कशीटवरच चूक असेल तर मंडळाचं मुख्य कार्यालय शिवाजीनगरला हाकेच्या अंतरावर असलं, तरी सुरुवात शाळेतूनच करावी लागते. पक्कं झालेलं स्पेलिंग नोट्समध्ये लिहून ठेवा आणि दरवेळी तिथूनच कॉपी-पेस्ट करा.

आता फोटो आणि सही. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी लागतो. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. इतरांचे आकडे वेगळे असू शकतात, ते जाहिरातीत बघा. सही अशी करा: बिनरेघी पांढरा कागद, काळं पेन, आणि रोजची सही. कॅपिटल अक्षरांतली सही आयबीपीएसला चालत नाही. कागद दिवसा खिडकीशी ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन बरोबर वर धरा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. मग सहीच्या अगदी कडेनं क्रॉप करा, रुंदी उंचीच्या सव्वादोन पट तरी राहू द्या. त्यानंतर कॉम्प्युटरवर पेंटमध्ये ‘रिसाइझ’ दाबून ‘पिक्सेल’ निवडा आणि आकडे टाका. बहुतेक जण पिक्सेलना हात न लावता नुसती क्वालिटी कमी करत बसतात. मग सही धुरकट होते आणि फाइल तरीही मोठीच. ‘फुकट कॉम्प्रेस करा’ म्हणणाऱ्या भलत्यासलत्या साइटवर आधार आणि सही चढवू नका. नेमके हेच दोन कागद चोराला हवे असतात.

मार्कशीटसाठी डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप. २०१५पासून ही सोय आहे, तरी अनेकांच्या फोनमध्ये ते नुसतं पडून असतं. दहावी-बारावीचा बैठक क्रमांक आणि वर्ष टाकलं की मार्कशीट ‘इश्यूड’मध्ये येते. ही मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण फोटो काढून ‘अपलोड’ केलेल्या मार्कशीटला तो मान नाही. खूप जुनी वर्षं सापडतीलच असं नाही, तेव्हा मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत असू द्या.

हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्या असोत की चाकणचे कारखाने, रेझ्युमे पीडीएफच पाठवा, फ्रेशरनं एका पानाचा. पाठवण्याआधी ती पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर ठीक. नाही गेला तर ते पान नव्हे, पानाचा फोटो आहे आणि रेझ्युमे चाळणारं सॉफ्टवेअर तो कोरा समजू शकतं. मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमधली वर्डची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गिचमिड दिसते.

केंद्र सरकारच्या ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ आणि राज्याच्या ‘महास्वयं’ या नोकरीच्या पोर्टलांवर नाव नोंदवून टाका, दोन्हीकडे फुकट आहे. नोकरीसाठी ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ किंवा ‘व्हेरिफिकेशन फी’ मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या. सरकारी परीक्षेची फी मात्र खरी असते, पण ती अधिकृत साइटवरच भरायची, कुणाच्या क्यूआर कोडवर नाही. पैसे गेलेच तर घरच्यांपासून लपवत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी.

अर्ज गेल्यावर भरलेल्या फॉर्मची आणि पावतीची पीडीएफ फोनमधल्या एकाच फोल्डरमध्ये टाका, रजिस्ट्रेशन नंबर नोट्समध्ये. हॉलतिकीट येईपर्यंत कधीकधी दोन-तीन महिने जातात, तेव्हा जुने एसएमएस चाळत बसावं लागत नाही.