टाकीत ओतायच्या आधी बाटलीत बघा

सांगोला, पंढरपूर भागात नवीन डाळिंब लावलेल्या पोरांसाठी लिहितोय. औषध कुठलं मारू हे सगळेच विचारतात, कशात काय कालवायचं हे कुणी विचारत नाही, आणि निम्मं नुकसान तिथंच होतंय.

आधी ड्रिपचं बघा. कॅल्शियम नायट्रेट खतासोबत ०:५२:३४ (फॉस्फेटचं खत) किंवा ०:०:५० (सल्फेटचं खत) एका टाकीत कधीच टाकू नका. मी पहिल्या बहाराला वेळ वाचावा म्हणून दोन्ही एकदम सोडलं, थोड्या वेळात टाकीच्या बुडाला चुन्यासारखा पांढरा साका, ड्रिपर उघडून बघितला तर आतपण तेच, मग लॅटरल (झाडांच्या ओळीतल्या ड्रिपच्या नळ्या) फ्लश करण्यात दोन दिवस गेले आणि झाडं ऐन फुलात तहानली, फुलगळ डोळ्यांनी बघावी लागली. कॅल्शियमची फॉस्फेट नाहीतर सल्फेटशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा क्षार तयार होतो. त्यामुळं दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सोडा.

आता फवारणी. आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतंय, आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) जास्त असलेल्या पाण्यात काही कीटकनाशकं लवकर फुटतात, म्हणजे पैसे पाण्यात. पीएच पेपर आणा, जास्त दिसला तर सायट्रिक ॲसिड चिमूट चिमूट टाकत ६ ते ६.५ वर आणा. पण तेल्यासाठी (डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग) कॉपरचं, म्हणजे तांब्याचं औषध मारणार असाल तर पाणी आंबट करू नका, पानं करपतात. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) तर एकटंच मारायचं, त्यात दुसरं काही कालवायचं नाही.

दोन औषधं एकत्र करायचीच असतील तर लिटरच्या पारदर्शक बाटलीत, त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात आधी पावडर, मग घट्टसर द्रव औषध, शेवटी पाण्यात दूध होणारं तेलकट औषध असं क्रमानं टाका, हलवा आणि अर्धा तास ठेवा. साका बसला, गुठळ्या झाल्या किंवा बाटली गरम लागली तर ते मिश्रण वापरूच नका.

डोस लेबलवरचाच, "जरा जास्त" नाही. तोडणीआधी किती दिवस थांबायचं तेपण तिथंच लिहिलेलं असतंय. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात विषारी. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेलीत, त्यामुळं हातमोजे, मास्क घातल्याशिवाय गड्याच्या हातात गन देऊ नका, नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू देऊ नका. फुलात असताना संध्याकाळी मारा, मधमाशी वाचती. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि डब्याला भोक पाडा, नाहीतर घरात कुणीतरी त्यात पाणी भरून ठेवतंय.