एअर पिस्तुलाची ग्रिप घरी घडवताय? या चुका टाळा

वखारीतून काल आणलेल्या लाकडावर आज कानस चालवू नका. दर पावसाळ्यात मी हे सांगतो आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी तडकलेली ग्रिप घेऊन दारात उभा असतो. त्यातला पहिला मीच. शेजारी पडलेल्या शिसवाचा ओंडका फुकटात मिळाला. जुलैत आठ दिवस खपून ग्रिप घडवली, अशी चपखल बसली की मी ती क्लबभर मिरवली. मार्चमध्ये स्क्रूच्या भोकापासून खालपर्यंत भेग! लाकूड सुकताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, पिस्तुलाचा धातू तसूभरही हलत नाही. मग तडकणार कोण? हल्ली मी जुन्या बाजारातून मोडक्या शिसवी पलंगाचे जाड पाय आणतो. त्यांचं आकसायचं ते कधीच आकसून झालेलं असतं.

दुसरी चूक, खुर्चीत बसून सैल हाताने माप घेणं. मी तळहाताला काजळ फासतो, पिस्तूल रिकामं आहे ना ते बघतो आणि नेहमीच्या पवित्र्यात उभा राहून ग्रिप धरतो. जास्त काळं उमटेल तिथे कानशीचे दोन-चार फटके, मग पुन्हा काजळ. यात तीन रविवार जातात. ज्याला एका रविवारात उरकायचंय त्याने तयार ग्रिप घ्यावी, माझं डोकं खाऊ नये.

स्पर्धेचे नियम न वाचता घासत सुटणारेही बरेच. मनगट मोकळं हवं, तळहाताखालचा टेकू वर वळलेला चालत नाही, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. एका स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर एका पोराचा टेकू नाकारला. व्हिडिओत बघून त्याने तो होडीसारखा वर वळवला होता. बिचारा पार्किंगमध्ये बसून माझ्याच कानशीने तो सपाट करत होता आणि आत त्याच्या गटाचं नाव पुकारलं जात होतं.

चकचकीत वार्निश नको, घामाने हात सरकतो. मी जवसाचं तेल चोळतो. तेलाची चिंधी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेते, पाण्यात बुडवा.

शिसवाची धूळ नाकात जाते, मास्क लावा.

लाकडाऐवजी ग्रिपला म्हशीचं शिंग वापरत असाल तर ते घासताना तापू देऊ नका, वाकतं. आणि जंगलात सापडलेलं सांबरशिंग घेऊन माझ्याकडे येऊ नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मी हात लावणार नाही.