नाशिकसाठी मोठा प्रकल्प मागताय? आधी या चुका टाळा

एखादी कंपनी बंद पडली किंवा निवडणूक आली की नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच सुरू होतं, मोठी कंपनी पाहिजे, आयटी पार्क पाहिजे, मेट्रो पाहिजे. पाहिजेच ना, कोण नाही म्हणतंय, पण मागताना आपण त्याच त्याच चुका करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कारखाना आला की महापालिकेची तिजोरी आपोआप भरेल असं धरून चालणं. जकात होती तोवर हे खरं होतं, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कच्च्या मालाचा ट्रक आला की नाक्यावर पावती फाटायची आणि पैसा थेट शहराला. 2013 ला जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2017 ला जीएसटी, आणि आता राज्य सरकार जी भरपाई देतं ती 2016-17 चं उत्पन्न धरून दरवर्षी ठरलेल्या टक्क्याने वाढते, म्हणजे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत दहा कारखाने वाढले काय किंवा बंद पडले काय, त्या रकमेला फरक पडत नाही. मग हातात उरतं काय तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीची फी, त्यामुळे पालिकेचं लक्ष शेडपेक्षा फ्लॅटकडे जास्त जातं यात नवल काय! सिंहस्थाच्या निधीतून रस्ते-घाट होतात, पण मधल्या वर्षांतली दुरुस्ती शहराच्याच गळ्यात.

दुसरी चूक, चुकीच्या दारात भांडण. एमआयडीसीत भूखंडाचा पट्टा एमआयडीसीचा, घरपट्टी महापालिकेची, सांडपाण्याची परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी नदीत घाण दिसली तर आधी एवढं बघा: भर एप्रिलमधे पावसाळी गटारीच्या तोंडातून पाणी येत असेल तर ते पावसाचं नाही, कोणीतरी त्यात लाइन जोडलीये. संडासाचा वास असेल तर पालिकेचा ड्रेनेज विभाग, तेलकट तवंग किंवा रंग असेल तर मंडळ. फोटो, वेळ, जवळचं चेंबर लिहून द्या. नुसतं 'गोदामाई वाचवा' लिहिलं की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो. आणि सांडपाणी शुद्ध करणारा नवा मलजल प्रकल्प कितीही मोठा बांधा, ते पाणी तिथपर्यंत पोचलंच नाही तर तो शुद्ध काय करणार.

बिल्बाओचा दाखला देणारे तर हमखास भेटतात, स्पेनमधलं पोलाद आणि जहाजबांधणीचं शहर, उद्योग बसला, 1997 ला गुगेनहाइम म्युझियम उघडलं आणि शहर पालटलं वगैरे. अरे पण तिथे नदीत जाणारं सांडपाणी अडवायचं काम म्युझियमच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि मेट्रो 1995 लाच धावत होती. फोटोत फक्त म्युझियम येतं.

आपल्या मेट्रो निओला, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोला, 2021 च्या केंद्रीय बजेटमधे 2,092 कोटी जाहीर झाले, त्यावर भांडून झालं असेल तर सिटीलिंक या शहर बससेवेचं वेळापत्रक एकदा उघडा. सकाळी सातच्या शिफ्टला पंचवटीतून अंबडला वेळेत पोचवणारी बस आहे का, रात्री अकराला सुटलेल्या माणसाने घरी कसं जायचं? ते बदलायला दिल्लीची मंजुरी लागत नाही. अर्जात कंपनीचं गेट, शिफ्टची वेळ आणि त्या बाजूचे साधारण किती कामगार आहेत एवढं टाका, युनियनचं किंवा निमा या उद्योजकांच्या संघटनेचं पत्र जोडता आलं तर अजून बरं.